पिवळी पाचर

"खाल्लीस! रेघ खाल्लीस!"

हेमाआत्या इतक्या जोरात ओरडली, की मी करवत फळीत तशीच अडकवून दोन पावलं मागं सरकले. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चहात खारी बुडवत होती. ओरडण्याच्या नादात खारी तुटून कपात पडली, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

"कुठं खाल्ली?" मी म्हटलं. "बरोब्बर रेघेवरच कापलंय की!"

"रेघेवर कापलंस हेच तर सांगतेय. रेघेवर नाही कापायचं बाई, रेघेच्या शेजारनं कापायचं. जो तुकडा फेकायचाय ना, त्या बाजूनं. कापून झालं तरी रेघ लाकडावर दिसली पाहिजे. जिवंत. आता दाखव, कुठाय तुझी रेघ?"

मी वाकून बघितलं. रेघ नव्हती. रेघेचा भुसा होऊन माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला होता.

"काडेपेटी, काडेपेटी," आत्या कपाळाला हात लावत म्हणाली, "तुझं काय करू गं मी?"

काडेपेटी म्हणजे मी. माझं खरं नाव शाल्मली. शाल्मली म्हणजे सावर, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आत्यानं सांगितलं. आणि सावरीच्या लाकडाच्या काडेपेटीच्या काड्या करतात, बाकी सुतारकामात त्याला कुणी विचारत नाही, हेही तिनंच सांगितलं. "तुझ्या बापाला नाव ठेवायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं? शिसवी ठेवलं असतं तर चार माणसं वचकून तरी राहिली असती." बाबांची ती थोरली बहीण. त्यामुळं बाबा यावर नुसते हसतात.

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे, आणि आता मी बोलायला लागले की मला थांबवावं लागतं. पण तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा मराठीच्या बाईंनी धडा वाचायला उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा. बंद म्हणजे खरंच बंद. तोंड उघडायचं, ओठ हलायचे, आवाज नाही. एकदा बाईंना वाटलं, मला बरं नाही, त्यांनी मला घरी पाठवलं. मी घरी न जाता आत्याकडं गेले आणि रंधा मारत बसले. ही गोष्ट मी एकट्या तिलाच सांगितली होती. घरी कुणाला नाही.

आत्याचं घर आमच्या मागच्या गल्लीत. गडहिंग्लजच्या टेलिफोन ऑफिसातून तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सगळ्यांना वाटलं, आता ही काशीला जाईल नाहीतर लोणची घालेल. तिनं स्कूटर विकली आणि गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू केलं. हौस म्हणून. भिंतीवर एकेका हत्याराची बाह्यरेषा मार्करनं काढलेली, त्या रेषेत ते हत्यार टांगायचं. लाकडात खाचा कोरायची पटाशी जागेवर नसली की भिंतीवर तिची नुसती सावली दिसायची आणि आत्या मला हाक मारायची. ती गॅरेजला वर्कशॉप म्हणायची. आई म्हणायची भुशाचं घर, कारण मी तिथून आले की माझ्या वेणीतून भुसा गळायचा.

तिथं मात्र मी बोलायचे. रंध्याच्या आवाजात काहीही बोललं तरी चालायचं. आत्या अर्धं ऐकायची, अर्ध्याला "हां" म्हणायची.

तर त्या दिवशी मी रेघ खाल्ली. काम चाललं होतं पेटीचं. जुन्या पलंगाची सागवानी फळी आत्यानं मला दिली होती आणि म्हणाली होती, "तुझी तू कर. मी हात लावणार नाही. नुसती ओरडणार." पेटी होती माझ्या पटाश्या ठेवायला. चारी कोपऱ्यांना डोव्हटेल घालायचे होते, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात कापायचे आणि एका फळीचे दात दुसऱ्या फळीच्या खाचांत अडकवायचे. नीट बसले तर खिळाही लागत नाही. नीट नाही बसले तर फट दिसते. माझे तीन कोपरे बसले होते. चौथ्याला, रेघ खाल्ल्यामुळं, एका दाताशेजारी अशी फट पडली की तिच्यातून आत्याचा चहाचा कप दिसत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं ते बघितलं आणि कप खाली ठेवला.

"रडायचं कशाला? रेघ मी पण खाल्लीय. हे स्टूल बघ."

मला दाखवायची गरज नव्हती. त्या स्टुलावर मी लहानपणापासून बसत आले होते. त्याच्या एका पायाशी, सागवानाच्या तपकिरी रंगात, पिवळ्याजर्द लाकडाची एक बारीकशी चकती होती. आत्याच्या घरभर ती पिवळी खूण होती. देव्हाऱ्याच्या चौकटीत होती. स्वयंपाकघरातल्या मांडणीला होती. कपाटाच्या दारालाही होती. लहानपणी मला वाटायचं, नक्षीच आहे.

"भुसा आणि गोंद कालवून फट बुजवणारे लोक असतात," आत्या म्हणाली. "वरनं पॉलिश मारलं की कुणाला कळत नाही. आपल्याकडं ते चालत नाही. आपण काय करतो?"

"पाचर मारतो."

"कशाची?"

"फणसाची."

"का फणसाची?"

"कारण ती पिवळी असते. दिसली पाहिजे म्हणून."

"हां. चूक झाली तर झाली. तिला बाहेर बसव, खुर्ची दे. पिवळं नसलेली वस्तू म्हणजे दुकानातली."

तिनं फणसाचा तुकडा काढून दिला. मी त्याची पातळ पाचर कापली, घासली, गोंद लावला आणि फटीत धरली. आत्या शेजारी उभी राहून म्हणत होती, "हळू. हळू गं. तिला वाटू दे, ती स्वतःच आत जातेय." मी लाकडी हातोड्यानं टकटक केलं. पाचर आत गेली, घट्ट बसली. वरचा भाग पटाशीनं छाटला आणि तिथं, माझ्या पेटीच्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढी पिवळी रेघ उमटली.

मी अक्षरशः नाचले. खरं सांगते, बाकीच्या तीन कोपऱ्यांचं मला काही वाटलं नव्हतं. पण ही पाचर बसली आणि मला वाटलं, आता मी या घरातली.

त्याच आठवड्यात आत्या प्रदर्शनाची बातमी घेऊन आली. गावात हौशी सुतारांचं एक मंडळ आहे. दातांचे डॉक्टर, निवृत्त इंजिनियर, एक कापडदुकानदार, आणि बायकांत एकटी हेमाआत्या. दरवर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते आपापल्या वस्तू मांडतात. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलांसाठी वेगळा गट ठेवला होता. मुलांनी वस्तू मांडायची, आणि ती कशी केली हे उभं राहून सगळ्यांना सांगायचं. पहिलं बक्षीस, नवाकोरा रंधा.

"परीक्षक हरळीकर," आत्या नाक उडवत म्हणाली.

हरळीकर सर म्हणजे मंडळाचे मोठे. त्यांच्या घरी सगळी यंत्रं. ते शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटा स्टीलचा गुण्या ठेवतात, काटकोन तपासायला. लग्नकार्यातसुद्धा. मागच्या प्रदर्शनात त्यांनी आत्याच्या टीपॉयला तो गुण्या लावला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हेमाताई, हात गोड आहे तुमचा. पण कधीतरी गुण्यापण लावत जा." आत्या तेव्हा हसली होती. घरी येऊन मात्र तिनं तो टीपॉय गॅरेजच्या मागं नेऊन ठेवला आणि त्यावर कुंड्या मांडल्या.

"पेटी ठेवू या," आत्या म्हणाली. "बोलायचं मात्र... ते मी सांगते त्यांना. पोरगी लाजाळू आहे म्हणून. तुझ्या वतीनं मी बोलेन."

"मी बोलणार," मी म्हटलं.

"तू?"

"हो. मी."

"चार लोकांत? काडेपेटी, बाईंनी घरी पाठवलं होतं तुला."

"ते धड्याचं होतं. धडा काय मी केला होता? पेटी मी केलीय."

आत्या म्हणाली, "काय बोलणार?"

"सांगणार नाही. सरप्राइज."

आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही. बाथरूममध्ये बादलीसमोर उभं राहून मी रोज बोलायचे. बादली काही हसत नाही, मध्येच उठून जात नाही. आई बाहेरून ओरडायची, "शाल्मली, आंघोळ करतेस की कीर्तन?" माझं सगळं भाषण त्या पाचरेवर होतं. आधी रेघ कशी खाल्ली ते सांगायचं, लोक हसतील, मग पेटी फिरवायची आणि पिवळी पाचर दाखवायची. बस. बादलीसमोर ते दरवेळी जमायचं.

पेटी तयार झाली. झाकणही मीच केलं. त्यात फळीची एक गाठ मुद्दाम मधोमध ठेवली होती, डोळ्यासारखी. उरलं होतं पॉलिश.

"पॉलिश मी करते," आत्या म्हणाली. "त्याला तुझा हात बसलेला नाही अजून. आणि धूळ चालत नाही, त्यामुळं आता प्रदर्शनापर्यंत वर्कशॉपमध्ये पाय टाकायचा नाही. शाळा कर, अभ्यास कर, भाषण कर."

मी दोनदा जाऊन आले. गॅरेजचं शटर खाली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आतून रंध्याचा आवाज येत होता. सर्रर्र, सर्रर्र. मी शटरवर थाप मारली.

"पॉलिशला रंधा कशाला गं, आत्या?"

आवाज थांबला. "अगं, शेजारच्या बाईंचा चौरंग आलाय. जा तू घरी."

मी गेले. मला काय? माझ्या डोक्यात बादली आणि भाषण.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्यानं पेटी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून परस्पर हॉलवर नेली. मी आईबरोबर पोचले तेव्हा ती टेबलावर मांडलेली होती. पांढऱ्या कापडावर, पुढं कार्ड: 'शाल्मली शिंत्रे, इयत्ता सातवी. मार्गदर्शन: हेमलता शिंत्रे.' आणि पेटी! पॉलिश चढल्यावर ती अशी चमकत होती, की मला वाटलं, मी हे केलंय? झाकणावरची गाठ माझ्याकडं बघत होती. टेबलापुढं दोरी लावली होती, हात लावायचा नाही म्हणून. मी लांबूनच तिला बघून हसले.

"कशी दिसतेय?" आत्यानं विचारलं. तिनं ठेवणीतली इरकल नेसली होती.

"तू काय जादू केलीस गं!"

"मी काय केलं? पॉलिशची कमाल आहे," ती म्हणाली आणि माझ्या वेणीची रिबीन सरळ करायला लागली. रिबीन सरळच होती.

माझ्याआधी दोघं बोलले. एका मुलानं पाटी केली होती, एकानं पक्ष्याचं घरटं. मग माझं नाव पुकारलं. मी दोरीच्या आत गेले. हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या, मागं लोक उभे. पहिल्या रांगेत हरळीकर सर, खिशात गुण्या. शेजारी आई, तिच्या शेजारी आत्या. माझा घसा आवळायला लागला. मी झाकणावरच्या गाठीकडं बघितलं आणि मनात म्हटलं, बादली, बादली, बादली.

आणि आवाज आला! माझाच! खणखणीत!

"नमस्कार. मी शाल्मली. माझी आत्या मला काडेपेटी म्हणते."

लोक हसले. मला पंख फुटले.

मी फळी कुठली ते सांगितलं. दात कसे आखले, करवत कशी धरली ते सांगितलं. हरळीकर सर मान डोलावत होते. मग मी म्हटलं, "आणि चौथ्या कोपऱ्याला मी रेघ खाल्ली." सगळे सुतार खो खो हसले, कारण ते शब्द त्यांना कळतात. डॉक्टर ओरडले, "आम्ही पण रोज खातो गं!"

"मग काय करायचं? तुमच्यापैकी काही जण भुसा आणि गोंद भरतील." आता हरळीकर सरसुद्धा हसले. "आमच्याकडं तसं चालत नाही. आम्ही चूक लपवत नाही. आम्ही फणसाची पाचर मारतो, पिवळी, म्हणजे लांबून दिसली पाहिजे. माझी पाचर या कोपऱ्यात आहे. ही बघा."

मी पेटी उचलली आणि कोपरा लोकांकडं केला.

मी हसत उभी. मग हरळीकर सरांनी चष्मा वर केला. "कुठाय बाळ?"

मी पेटी माझ्याकडं वळवली. कोपऱ्यात पाचर नव्हती. मला वाटलं, चुकीचा कोपरा धरला. मी पुढचा बघितला. त्याच्या पुढचा. लोकांना वाटलं, मी गंमत करतेय, ते परत हसले. मी चौथाही बघितला. चारही कोपऱ्यांत दात असे बसले होते, जसे काही झाडातच उगवले होते. आणि प्रत्येक दाताच्या मुळाशी, पॉलिशखाली, केसासारखी बारीक आखलेली रेघ दिसत होती. चारही कोपऱ्यांत. जिवंत.

त्या पेटीवरची एकही रेघ कुणी खाल्ली नव्हती.

मी वर बघितलं. आत्या पदराच्या टोकानं चष्मा पुसत होती.

"सर," मी म्हटलं, "झाकण माझं आहे. खालची पेटी माझी नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. हरळीकर सर उठून टेबलाशी आले. त्यांनी पेटी हातात घेतली, खिशातून गुण्या काढून आतून लावला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "काटकोनात आहे. अगदी," ते पुटपुटले. मग हळूच विचारलं, "तुझी नाही म्हणजे? मग कुणाची?"

मी आत्याकडं बघितलं. फक्त बघितलं. मला वाटलं, आता ती उठेल. म्हणेल, पोरीची पेटी घरी आहे, थांबा, आणते. पाच मिनिटांचं तर घर.

आत्या उठली. चष्मा डोळ्यांवर लावला आणि हसून म्हणाली, "घाबरलीय हो सर ती. चार लोकांत उभं राहिलं की होतं तिला असं. शाळेतपण होतं. बाईंनी एकदा घरीच पाठवलं होतं. पेटी तिचीच आहे. ते पाचरेचं दुसऱ्याच एका वस्तूचं आहे, गोंधळ झालाय पोरीचा."

ही गोष्ट मी एकट्या तिला सांगितली होती.

आई चकित होऊन तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागली. लोकांच्या चेहऱ्यांवर 'आई गं, बिचारी' असं काहीतरी पसरलं. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. मी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही.

आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धीर यावा म्हणून. हरळीकर सरांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि थोड्या वेळानं पहिलं बक्षीस माझ्या हातात दिलं. रंध्याचा खोका जड होता. फोटोत मी आहे, खोका आहे, आणि माझ्या खांद्यावर आत्याचा हात आहे.

घरी जाताना आई म्हणाली, "किती छान बोलत होतीस गं. शेवटी जरा गडबडलीस, एवढंच."

मला बोलताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या आधी आत्याकडं गेले. शटर वर होतं. ती बाकडं झाडत होती.

"ये, ये, विजेते!" ती म्हणाली. "चहा घेणार?"

"माझी पेटी कुठाय?"

"हॉलवरच आहे. दुपारी आणू."

"माझी पेटी, आत्या."

झाडू थांबला. तिनं मानेनंच वरच्या फळीकडं खूण केली. तिथं, रंगाच्या डब्यांशेजारी, माझी पेटी होती. झाकण नसलेली. पाचरेचा कोपरा भिंतीकडं वळवलेला. आणि ती भरलेली होती. खिळ्यांनी. मोठे खिळे, बारीक खिळे, वाकडे खिळे, स्क्रू, एक गंजलेली बिजागरी.

"वाया थोडीच घालवेन मी?" आत्या म्हणाली. "चांगली घट्ट झालीय. खिळ्यांना मस्त."

मी स्टुलावर चढून पेटी खाली काढली. "का केलंस?"

"का म्हणजे? पॉलिशचा पहिला हात दिला आणि ती पाचर अशी उठून दिसायला लागली, अशी दिसायला लागली! माझ्या डोळ्यांपुढं हरळीकर आले, गुण्या घेऊन. कार्डावर कुणाचं नाव होतं? मार्गदर्शन कुणाचं?"

"तूच म्हणतेस ना, दिसली पाहिजे म्हणून?"

"अगं, घरात!" तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, मी एवढंही समजत नाही याचं. "घरातलं घरात असतं, शाल्मली. घरात गाऊनवर हिंडतो म्हणून बाजारात जातो का तसं? आजवर माझी एक तरी वस्तू बघितलीस का बाहेर गेलेली, पिवळं असलेली?"

मी आठवायला लागले. देवळात दिलेला पोथीचा स्टँड. माझ्या मावशीच्या लग्नातला पाट. आदल्या दिवशी हॉलमध्ये तिच्या टेबलावर मांडलेल्या तिच्या सगळ्या वस्तू. एकीवरही पिवळं नव्हतं. देव्हारा, मांडणी, स्टूल, कपाट, जे जे पिवळं होतं ते सगळं या घराच्या भिंतींच्या आत होतं. आणि मी.

"मग चुकलेल्या वस्तूंचं काय करतेस?"

"परत करते. नवी. तुझी पण नवी केली. तीन दिवस कंबर मोडली माझी. आणि तू तिथं उभी राहून..." ती थांबली. "मला काय माहीत तू पाचरेवरच बोलणार आहेस? सांगितलंस का मला?"

"माझ्या घशाचं पण तुला एकटीलाच सांगितलं होतं."

ती झाडूच्या काड्या तळव्यावर ठोकून सारख्या करत राहिली.

मी पेटी उलटी केली. सगळे खिळे तिच्या झाडून स्वच्छ केलेल्या बाकड्यावर पसरले, काही घरंगळत खाली गेले. दप्तरातून रंध्याचा खोका काढला आणि खिळ्यांच्या मधोमध ठेवला.

"हा तुझा," मी म्हटलं. "तू जिंकलीस."

"अगं काडेपेटी..."

"शाल्मली."

मी पेटी काखेत मारून शाळेत गेले. दिवसभर ती बाकाखाली माझ्या पायांशी होती. त्या दिवशी मराठीच्या बाईंनी धडा वाचायला उभं केलं. मला कळलंच नाही कधी वाचून झाला ते. मी इतकी चिडलेली होते, की घसा बंद व्हायचं विसरला.

नंतर मी गॅरेजमध्ये गेले नाही. आमच्या गच्चीवर जुन्या शिलाई मशीनचं टेबल आहे, त्यावर काम करते. माझी स्वतःची करवत आहे. भुसा आता आईच्या पापडांवर पडतो, त्यावरून रोज भांडण. आत्याशी बोलणं आहे. सणासुदीला जाणं-येणं आहे. ती आता मला शाल्मलीच म्हणते, आणि तिनं तसं म्हटलं की मला अजूनही कसंतरी होतं. तिची ती चकाचक पेटी तिच्या शोकेसमध्ये आहे, वर माझं झाकण. माझी पेटी माझ्याकडं आहे, झाकणाशिवाय. आत्या दरवेळी म्हणते, "झाकण घेऊन जा की." मी दरवेळी म्हणते, "राहू दे."

पाहुणे आले की ती शोकेस उघडते. "ही आमच्या शाल्मलीनं सातवीत असताना केलीय. पहिलं बक्षीस." आणि मी शेजारी बसून चिवडा खात असते.

या दिवाळीत आत्याकडं फराळाला हरळीकर सर आले होते. आता थकलेत, पण खिशात गुण्या होताच. मी चकलीचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा आत्या शोकेसपाशी उभी होती आणि पेटी त्यांच्या हातात होती.

"आठवतेय ना, सर?" आत्या म्हणाली. "आमच्या शाल्मलीची."

सर अंगठा फिरवत होते, कोपऱ्यावरून, रेघेवरून. तसाच, त्या दिवशी फिरवला होता तसा. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ताट खाली ठेवलं.

"झाकण तेवढं, सर," मी म्हटलं.

आवाज अगदी सरळ आला. सर हसले नाहीत. आत्यापण हसली नाही.

"आणि पेटी?" सरांनी विचारलं.

"घरी आहे. पलीकडच्याच गल्लीत. दाखवू?"

"शाल्मली," आत्या घाईघाईनं म्हणाली, "आत चहा ठेवलाय बघ, उतू जाईल."

मी स्वयंपाकघरात डोकावले. गॅस बंद होता. ओट्यावर पातेलंसुद्धा नव्हतं. शेजारच्या मांडणीवर आत्याची पिवळी पाचर दिसत होती.

मी मागच्या दारानं चपला घातल्या आणि पेटी आणायला निघाले.